बांधावरची वाट आणि 'रामदास' बोट : इंग्रजी अमदानीतले नियम वर्गात शिकवताना



परिसर अभ्यासात नियमांवरचा पाठ आला की आपण बहुतेक जण रांग, सिग्नल आणि पाण्याचा नळ या तीन उदाहरणांवर तो उरकतो. मुलं माना डोलावतात, 'नियम पाळले पाहिजेत' हे वाक्य वहीत जातं आणि तास संपतो. पण एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, "बाई, नियम कुणी पाळलाच नाही तर?" खरं तर पाठ तिथून सुरू व्हायला हवा.

म्हणून मी हा पाठ दोन जुन्या नियमांवर घेते. एक आपल्या मेढ्याच्या तहसील कचेरीतला आहे आणि दुसरा मुंबईच्या धक्क्यावरचा. दोन्ही इंग्रज सरकारच्या काळात तयार झाले, दोन्ही छापील आणि कलमवार. पहिला नियम शंभरावर वर्षं झाली तरी आपल्या तालुक्यातले शेतकरी अजून वापरतात. दुसरा नियम असतानाही स्वातंत्र्याला महिनाभर उरला असताना सहाशेहून जास्त माणसं समुद्रात गेली. असं का झालं, हे मुलांना शोधू द्यायचं. त्यासाठी फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवावेत आणि तास संपेपर्यंत पुसू नयेत :

नियम मोडला तर तक्रार कोण करणार? कुणाकडे करणार? किती दिवसांत करणार? आणि नियम मोडायच्या आधीच त्यावर नजर कोण ठेवणार?

मामलेदाराचं कोर्ट म्हणजे काय

आधी थोडा इतिहास, पण थोडाच. जावळी म्हटलं की आपल्या मुलांना चंद्रराव मोरे आणि १६५६ साल आठवतं. तिथून सरळ १८१८ ला या. पेशवाई संपली, साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते आणि त्यांच्याजवळ इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून कॅप्टन जेम्स ग्रँट बसला. (मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. मुलांना हे सांगितलं की जरा गंमत वाटते.) तिकडे मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ साली सगळे फुटकळ हुकूम गोळा करून २७ रेग्युलेशनांची एक संहिता केली. त्यातली एक तरतूद वर्गात सांगण्यासारखी आहे. एखाद्या दाव्याला लागू होणारा छापील कायदाच नसेल तर न्यायाधीशाने त्या मुलखाची रूढी बघावी, असं त्यात होतं. म्हणजे साहेबाच्या कोर्टातही गावच्या वहिवाटीला जागा ठेवलेली होती. १८४८ ला साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि आपला मुलूखही कंपनी सरकारच्या अमलाखाली गेला.

आता अडचण काय झाली बघा. जुन्या पद्धतीत भांडण गावात किंवा परगण्यात, गोतसभेपुढे मिटायचं. नवं कोर्ट लांब होतं. कोयनाकाठच्या माणसाला साताऱ्याला जायचं तर डोंगर ओलांडा, मुक्काम करा, कारकुनाला विचारा, वकील धरा. ऐन पेरणीत तारीख आली तर तो जाणारच नाही. मग त्याच्या गैरहजेरीत निकाल लागायचा. याला एकतर्फी निकाल म्हणतात. कर्जाच्या बाबतीत तर असे निकाल ढिगाने लागले. सावकाराने रोखा दाखवायचा, कूळ हजर नाही, हुकूमनामा तयार. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे पसरले, त्यात लोकांनी सावकारांच्या घरातून काय ओढून काढलं? दागिने नव्हे, तर कर्जरोखे आणि हुकूमनामे. कागद जाळणं हा त्या दंग्यांचा मुख्य उद्देश होता.

त्यानंतर १८७९ साली 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' आला. तो सुरुवातीला पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता, म्हणजे आपलाच कायदा. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं. कोर्टाने नुसता रोखा न बघता व्यवहार मुळापासून तपासायचा, असं ठरलं. लहान दाव्यांसाठी गावपातळीवर मुन्सफ नेमायची सोय झाली. त्याला दहा रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. याच कायद्याच्या कामासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुणे-सातारा भागात खास न्यायाधीशाच्या हुद्द्यावर होते आणि गावोगाव फिरून कोर्टांची दप्तरं तपासत. मुलांना रानडे समाजसुधारक म्हणून एका ओळीत माहीत असतात. गावोगाव फिरणारा न्यायाधीश म्हणून त्यांची ओळख करून दिली तर ती जास्त लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

मग येतो आपला मुख्य नियम. शेताचा ताबा, पाणी, वाट यावरून होणारी भांडणं दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहिली तर शेत पडीक राहतं आणि शेत पडीक राहिलं की सरकारचा सारा बुडतो. माझ्या मते शेतकऱ्याच्या कळवळ्याइतकीच ही साऱ्याची काळजीही त्यामागे असणार. कारण काही असो, ही भांडणं झटपट सोडवायचं काम तालुक्याच्या मामलेदारावर सोपवलं गेलं. त्यासाठी आधी १८६४ चा कायदा झाला, मग १८७६ चा आणि शेवटी १९०६ चा 'मामलेदार कोर्ट ॲक्ट'. हा शेवटचा अजून चालू आहे! आज आपण तहसीलदार म्हणतो तेच या कायद्यापुरते मामलेदार. सकाळी दाखल्यांवर सह्या करणारे साहेब दुपारी त्याच खुर्चीत न्यायाधीश होतात. मुलांना सांगताना मी म्हणते, एकाच डोक्यावर दोन टोप्या.

कलम ५, मुलांच्या भाषेत

या कायद्याचं कलम ५ हा त्याचा प्राण आहे. तालुक्यात लोक 'कलम पाचचा दावा' असंच बोलतात. सोप्या भाषेत ते असं :

शेतात पडणारं पाणी नैसर्गिकपणे शेजारच्या रानात वाहत असेल आणि कुणी बेकायदा बांध घालून ते अडवलं, त्यामुळे पिकाचं नुकसान होत असेल, तर मामलेदार तो अडथळा काढायला लावू शकतो. कुणाला कायदेशीर मार्गाशिवाय शेतातून हुसकावलं किंवा विहिरीचं, पाटाचं पाणी तोडलं, तर ते परत मिळवून देऊ शकतो. आणि शेतात जायच्या नेहमीच्या, वहिवाटीच्या रस्त्याला कुणी अडथळा करत असेल, तर त्याला मनाई हुकूम देऊ शकतो.

यातली पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. सहा महिने कधीपासून? अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून. भांडण वाढलं, बोलाचाली झाली त्या दिवसापासून नव्हे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरची गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. मृग निघाला तेव्हा त्यांच्या रानाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर शेजाऱ्याने काट्यांचं कुंपण घातलं. घरच्यांनी विचार केला, भावकीतलंच माणूस आहे, आता पेरणीच्या धांदलीत कशाला तोंडं वाईट करायची, सुगी झाली की बसून बोलू. भात काढलं ते डोक्यावरून वाहून. दिवाळीला बोलायचं ठरलं तर शेजाऱ्याच्या घरी सुतक. मग जत्रा झाली, लग्नसराई आली. शिमगा झाल्यावर कचेरीत गेले, तेव्हा कळलं की सहा महिने मार्गशीर्षातच संपले. आता त्यांना दुसरा लांबचा रस्ता धरावा लागतोय. चांगुलपणाने थांबले आणि तेच नडलं. ही गोष्ट ऐकून वर्ग एकदम गप्प झाला. कारण जवळजवळ प्रत्येकाच्या घरी बांधाचं काही ना काही आहेच.

पालकहो, ही तारीख मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. बोलणी जरूर करा, गावकीत बसा, पण कॅलेंडरवर खूण करून बसा. मुदत निघून गेली असेल किंवा पूर्वी वाटच नव्हती आणि आता हवी आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. पण ती वेगळी चौकशी आहे, त्यात 'गरज आहे का' हे बघतात. नेमकं आपल्याला काय लागू पडतं ते जाणत्या वकिलाला विचारूनच ठरवावं.

आता हा नियम फळ्यावरच्या चार प्रश्नांवर घासून बघा. तक्रार कोण करणार? ज्याची वाट अडली तोच, आणि तो गावातच आहे, त्याला अडथळा रोज दिसतो. कुणाकडे? तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर. किती दिवसांत? सहा महिन्यांत. चौथ्या प्रश्नाची इथे फारशी गरजच पडत नाही, कारण तोडलेली वाट पुन्हा मोकळी करता येते. उशीर झाला तरी कुणी मेलेलं नसतं.

आणखी एक तरतूद मला फार आवडते. अर्ज नीट लिहिलेला नसेल, तपशील अपुरे असतील, तर मामलेदाराने अर्जदाराला समजावून सांगायचं, त्याला शपथेवर विचारायचं आणि ते तपशील लिहून घ्यायचे. म्हणजे लिहिता येत नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. सुनावणीही कचेरीतच झाली पाहिजे असं नाही, वादाच्या जागेजवळही घेता येते. १९०६ साली गावात लिहिता येणारी माणसं किती असतील, याचा विचार केला की या दोन ओळींची किंमत कळते.

मामलेदार मालकी ठरवत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा. तो एवढंच बघतो : वापर चालू होता का, अडथळा कुणी केला, तो कायद्याच्या अधिकाराने केला का, आणि सहा महिन्यांच्या आतला आहे का. जमीन मुळात कुणाची, हे दिवाणी कोर्ट ठरवणार. तोवर मामलेदाराचा हुकूम चालतो. या हुकमावर साधं अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर तो फेरतपासणीसाठी नेता येतो.

वर्गात याचं नाटक छान होतं. वर्गाच्या दारापासून खिडकीपर्यंत खडूने वाट आखायची. एकाने मध्ये दप्तरांचा बांध घालायचा. वादी, प्रतिवादी, दोन साक्षीदार आणि एक मामलेदार. वादीने अर्जात चार गोष्टी सांगायच्या : मी कोण आणि समोरचा कोण, अडथळा कुठे आणि कसला, तो कोणत्या तारखेला सुरू झाला, साक्षीदार कोण. पहिल्या खेपेला बहुतेक मुलं तारीख विसरतात. "लय दिवस झाले" असं सांगतात. मामलेदार झालेल्या मुलाला बजावून ठेवा की तारीख आल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसऱ्या खेपेला सगळी मुलं तारीख आधी सांगतात. मग एका गटाला मुद्दाम सातव्या महिन्यातला दावा आणायला लावा आणि तो फेटाळायला लावा. वादीचा चेहरा कसनुसा होतो. तेव्हा लगेच धीर देऊ नका, थोडं राहू द्या.

आता समुद्राकडे

मेढ्याच्या मुलांना समुद्र लांबचा. पण घरटी एखादा माणूस मुंबईला आहे, त्यामुळे भाऊचा धक्का हे नाव त्यांनी ऐकलेलं असतं. तिथून 'रामदास' सुटली.

त्याआधी नियमांबद्दल. वाफेच्या बोटी आल्यावर सरकारने त्यांच्यासाठीही कायदे केले. १८८४ चा आगबोटींचा कायदा, १८८७ चा देशी उतारूंच्या जहाजांचा कायदा आणि पुढे हे सगळं एकत्र आणणारा १९२३ चा मर्चंट शिपिंग ॲक्ट. त्यांचा गाभा असा की आगबोटीची ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी, तिला दाखला मिळावा, दाखल्यावर किती उतारू न्यायचे तो आकडा असावा आणि तो दाखला बोटीवर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावावा. दाखल्याविना उतारू नेले किंवा जास्त भरले तर दंड.

कागदावर काही कमी नाही. तरी काय घडलं ते बघा.

८ नोव्हेंबर १८८८. 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली होती. बोटीवर विजेचे दिवे, म्हणून लोक तिला कौतुकाने 'वीजळी' म्हणत. वादळात ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं होती आणि त्यांत मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती, असं सांगतात. कुणीही वाचलं नाही. गुजरातीत त्यावर गाणी झाली. ११ नोव्हेंबर १९२७. आपल्या कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

आणि १७ जुलै १९४७. गुरुवार, आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारी. मुंबईत कामाला असलेली अलिबाग-रेवसकडची माणसं घरी निघालेली. कोकणातल्या लांबच्या बंदरांना जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण रेवसची फेरी जवळची, ती जुलैतही चालू होती. सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून सुटली. बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, काही जुनीपुराणी नव्हे. सातशेच्या आसपास माणसं तिच्यावर होती. रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ ती वादळी लाटांत सापडली. पाण्याचा मोठा लोंढा आत आला, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि बघता बघता उलटली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. मुंबई तिथून इतकी जवळ, पण मुंबईला कितीतरी तास काही पत्ताच नव्हता. वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा बातमी कळली. काहींना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. सहाशेहून जास्त माणसं गेली. पुढे महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि त्या धामधुमीत ही गोष्ट मागे पडली. रायगड जिल्ह्यातल्या घरांत मात्र ती विसरली गेलेली नाही.

इथे वर्गात एक प्रश्न येतोच : "बोटीत जास्त माणसं भरली होती का?" सरळ 'हो' म्हणून मोकळं होऊ नका. बोट हजारेक उतारूंची होती, असं नोंदलेलं आहे. म्हणजे आकड्याच्या हिशेबात ती भरलेलीसुद्धा नव्हती. या ठिकाणी खरा विचार सुरू होतो. आकडा बरोबर असूनही बोट बुडू शकते. मग नियमाने मोजलं ते कमी पडलं का?

याला जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण 'टायटॅनिक'चं. १९१२ साली ती बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २२०० माणसं होती आणि जीवरक्षक होड्या २०, त्यांत जागा ११७८ जणांना. नियम मोडला होता का? नाही! त्यावेळचा इंग्रजी नियम बोटीच्या वजनावर होड्या ठरवायचा आणि दहा हजार टनांवरच्या कुठल्याही बोटीला १६ होड्या पुरेत असं म्हणायचा. टायटॅनिक होती ४६ हजार टनांची. म्हणजे नियमापेक्षा चार होड्या जास्तच होत्या आणि तरी दीड हजाराच्या आसपास माणसं गेली. बोट किती मोठी हे मोजलं, बोटीवर माणसं किती हे मोजलंच नाही. त्यानंतर १९१४ साली देशांनी मिळून करार केला आणि होड्या माणसांच्या संख्येवर मोजायचं ठरलं. पाचवीच्या मुलांना ही वजाबाकी करायला लावा : २२०० वजा ११७८. उत्तर आल्यावर कुणीतरी विचारतं, "मग हे आधी कुणी केलं नाही?" उत्तर तुम्ही देऊ नका.

'रामदास'ला पुन्हा चार प्रश्न लावा. तक्रार कोण करणार? उतारू. पण त्याला बोटीत काय कमी आहे हे कळणार कसं? संदेशयंत्र आहे की नाही हे तिकीट काढताना कोण विचारतं? सणाला घरी पोचायचं असतं. कुणाकडे करणार? बोट धक्का सोडून गेल्यावर तिथे ना कचेरी ना मामलेदार. किती दिवसांत? दिवस कुठले, मिनिटंच होती. म्हणून इथे सगळा भार चौथ्या प्रश्नावर येतो : आधी कोण बघणार? धक्क्यावरचा अधिकारी, बोटीचा मालक, कप्तान. आज आभाळ बघून बोट सोडायची की नाही, हे कोण ठरवणार? दाखल्यावर आकडा होता, पण हवामानाचा रकाना नव्हता. आणि जे यंत्र लावणं सक्तीचं नव्हतं ते कुणी लावलं नव्हतं. अपघातानंतर बोटींवर संदेशयंत्र आणि पावसाळ्यातल्या फेऱ्या यांबाबत निर्बंध कडक झाले. सहाशे घरं उजाड झाल्यावर.

माझं मत सांगते. शेताच्या वाटेचा नियम टिकला त्याचं कारण तो हुशार माणसाने लिहिला हे नव्हे. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात दिलेला होता. बोटीचा नियम उतारूंसाठी होता, पण उतारूच्या हातात काहीच नव्हतं, भिंतीवर लावलेला एक कागद सोडून.

चिंचोक्यांचा प्रयोग

बोट का कलंडते हे नुसतं सांगून समजत नाही. एक घमेलं किंवा टब पाण्याने भरा. प्लॅस्टिकच्या डब्याचं पसरट झाकण त्यावर तरंगत ठेवा, ही बोट. चिंचोके हे उतारू. पहिल्यांदा एकेक चिंचोका मधोमध आणि सगळीकडे सारखा ठेवत जा आणि झाकण बुडेपर्यंत किती बसतात ते मोजा. समजा साठ बसले. दुसऱ्यांदा फक्त तीस घ्या, म्हणजे निम्मेच. आधी सारखे पसरा. झाकण मजेत तरंगतं. मग बोटाने हळूच सगळे एका कडेला सरकवा. झाकण कलतं, कडेवरून पाणी आत येतं, पाण्याने ते आणखी कलतं आणि संपलं. निम्मे उतारू असतानाही! तिसऱ्यांदा तीसच घ्या, पण एका मुलाला पाण्यात लाटा करायला सांगा.

झाकण बदललं की आकडे बदलतात, त्यामुळे प्रत्येक गटाला वेगळं झाकण द्या आणि तक्ता करायला लावा. झाकण फार खोलगट घेऊ नका, नाहीतर चिंचोके सरकायच्या आधी मुलं कंटाळतात. आणि हो, घमेलं वर्गाबाहेर व्हरांड्यात ठेवा. आमच्याकडे पहिल्याच प्रयोगात पाणी शेजारच्या वर्गात गेलं होतं.

हे आपल्याशी कसं जोडायचं

समुद्र लांब असला तरी पाणी लांब नाही. कोयना धरण झालं आणि शिवसागराच्या पाण्याने जावळीची कितीतरी गावं एकमेकांपासून तुटली. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला अजूनही लाँच हीच एसटी आहे. वासोट्याला जाणारे पर्यटक सुट्टीच्या दिवशी येतात, पण पलीकडच्या गावातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, शाळेला कायमच पाण्यावरून येतात-जातात. अशा बोटींना लागू होणारा आतल्या जलमार्गांचा कायदासुद्धा मुळात १९१७ चा, इंग्रजांच्या वेळचाच. तो थेट २०२१ मध्ये नव्या कायद्याने बदलला. म्हणजे आपल्या आजोबांनी धरणाच्या पाण्यावर पहिल्यांदा लाँच पाहिली तेव्हा आणि आपल्या मुलांनी पाहिली तेव्हाही, कायदा बराच काळ एकच होता.

आणि हा विषय जुना झालेला नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसं गेली. बोटीवर शंभरावर माणसं होती, बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर तिथे जॅकेट घालणं सक्तीचं झालं. मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे परत नंतरच!" एका मुलीने तर चारही अपघात ओळीने लिहून प्रत्येकासमोर 'नंतर काय केलं' असा रकाना केला. मी सांगितला नव्हता.

म्हणून या पाठाचा गृहपाठ मी घरी बसून लिहायचा देत नाही. पुढच्या वेळी एसटीत, वडापमध्ये किंवा लाँचमध्ये बसाल तेव्हा किती जणांची परवानगी लिहिली आहे ते शोधा. सापडलं तर आकडा लिहा. आत बसलेली माणसं मोजा, तो आकडा शेजारी लिहा. लाँच असेल तर जॅकेटं मोजा, लहान मुलाच्या मापाचं एक तरी आहे का ते बघा. कुठे आकडाच लिहिलेला नसेल तर 'लिहिलेला नाही' असं लिहा, तेही उत्तर आहे. पालकांना विनंती, मूल मोजायला लागलं की "गप बस, लोक काय म्हणतील" असं म्हणू नका. फार तर त्याच्याबरोबर मोजा. आणि लाँचमध्ये मुलाला जॅकेट घालताना आपणही घाला. चालक हसला तर हसू दे.

शेताच्या बाबतीतला गृहपाठ मोठ्यांबरोबर करायचा आहे. आपल्या रानात जायची वाट कुठून जाते, कुणाच्या बांधावरून जाते, किती वर्षांपासून जाते, हे आजी-आजोबांना विचारून कागदावर नकाशा काढायचा आणि खाली तारीख घालायची. चार-पाच नकाशे वर्गात भिंतीवर लावले तर एक धोका आहे : दोन शेजाऱ्यांची मुलं एकाच वर्गात असतात आणि नकाशे जुळत नाहीत. माझ्याकडे असं झालं तेव्हा मी दोघांना एकत्र बसवून दोन्ही नकाशे एका कागदावर काढायला लावले. जिथे जुळलं नाही तिथे त्यांनी पेन्सिलीने तुटक रेष काढली. शाई नको, पेन्सिलच.

सगळ्याला मिळून तीन तास लागतात. एक तास कोर्टाच्या नाटकाला, एक बोटींच्या गोष्टीला आणि एक प्रयोगाला. चौथीसाठी घेत असाल तर १८२७ आणि १८७९ चा भाग गाळा, दंग्यातली कागद जाळल्याची गोष्ट तेवढी ठेवा. वेळ फारच कमी असेल तर 'टायटॅनिक'ही गाळली तरी चालेल. चिंचोक्यांचा प्रयोग मात्र गाळू नका, आणि नाटकातला सातव्या महिन्यातला दावाही.